चौथी मेख

सहा मेखांनी पक्कडला घाम फोडला आणि शेवटची मात्र आपणहून हातात आली. नेमकी तीच, जिला हात लावायचा नाही असं बाबांनी बजावलं होतं.

पक्कड हे काही तिचं शाळेच्या दाखल्यावरचं नाव नव्हे. ती लिफ्टच्या कंपनीत दुरुस्तीचं काम करायची, कमरेला कायम पक्कड लावलेली, आणि एखादी गोष्ट एकदा धरली की सोडायची नाही. क्लबातल्या कुणीतरी हे नाव ठेवलं आणि ते असं चिकटलं की आता घरचेही चुकून तेच म्हणत. दर रविवारी ती कड्यावर असायची. गेली तीन वर्षं जुन्या वाटांवरच्या मेखांची देखभाल तिच्याकडे होती. त्याआधी ते काम बाबांकडे होतं, पण गुडघ्यांनी संप पुकारला आणि त्यांना दोर खाली ठेवावा लागला.

या कड्याचा एक दंडक होता. कातळाला भोक पाडायचं नाही. जिथे भेग असेल तिथे चढणाऱ्याने आपली साधनं अडकवायची आणि मागून येणाऱ्याने ती काढून न्यायची. जिथे काहीच बसत नाही, तिथे तेवढी लोखंडी मेख भेगेत ठोकलेली, कायमची. ती मेख म्हातारी झाली तर त्याच भेगेत, तशीच दुसरी बसवायची. आणि जो ती वाट पहिल्यांदा चढला त्याची परवानगी घेतल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. तो माणूस हयात असेल तर त्याच्या घरी जाऊन विचारायचं. फोनवर चालत नाही.

पक्कडला त्यासाठी स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत जावं लागलं, इतकंच. बाबा टेबलावर वाकून बसले होते. चित्रकलेचे मास्तर म्हणून निवृत्त होऊन त्यांना आठ वर्षं झाली होती, पण हातातून पेन्सिल सुटली नव्हती. क्लबाच्या भिंतीवर त्या वाटेचा जो नकाशा लावलेला होता, तोही त्यांच्याच हातचा. काळ्या शाईत कडा आणि सात लाल ठिपके.

"बाबा, सगळ्या मेखा बदलायच्या आहेत. अडतीस वर्षं झाली त्यांना."

"सहा बदल," बाबा मान वर न करता म्हणाले. "चौथीला हात लावू नकोस."

"का?"

"ती पक्की आहे."

"गेल्या महिन्यात दोघं जण सांगत होते, हलते म्हणून."

"हलत असेल त्यांची मुंडी," बाबा म्हणाले आणि पेन्सिलीला टोक करायला लागले. टोक आधीच सुईसारखं होतं.

बाबांचा राग नाकावर असायचा हे तिला ठाऊक होतं. पण लिफ्ट हलते असं दोन माणसांनी सांगितल्यावर मालक पक्की आहे म्हणतो म्हणून तिच्यात कुणी माणसं चढवत नाही. म्हणून त्या रविवारी वरून दोर सोडून ती खाली लटकत आली. सातवी, सहावी, पाचवी, मग तिसरी, दुसरी, पहिली अशा मेखा काढून झाल्या. शेवटी पुन्हा दोरावरून वर येऊन ती चौथीपाशी थांबली. शेजारच्या दोरावर तिची मैत्रीण होती, पेशाने दातांची डॉक्टर, त्यामुळे क्लबात दातवाली. मेखा उपटायच्या कामाला तिच्याइतकं योग्य माणूस दुसरं नाही, असं सगळेच म्हणत.

"गुरुजींनी नको म्हटलंय ना?" दातवालीने विचारलं. क्लबात बाबांना सगळे गुरुजी म्हणत.

"नुसतं वाजवून बघते."

मेखेला हातोडीने हलकं वाजवलं की ती बोलते. चांगली बसलेली मेख खणखणीत वाजते. ही भद्द वाजली. पक्कडने वरून एक टोला दिला, खालून एक दिला, आणि मेख निघून तिच्या तळहातावर आली.

"सोळा वर्षं दात काढतेय," दातवाली म्हणाली, "पण इतका मुकाट्याने निघणारा पेशंट पहिलाच."

पक्कड हसली नाही. बाबा दर दोन वर्षांनी सगळ्या मेखांच्या डोक्यांना गंज धरू नये म्हणून लाल रंग फासत. रंगाचे थरावर थर चढले होते. आज काढलेल्या सहाही मेखांचा रंग खरवडल्यावर खाली बाबांची खूण दिसली होती, एक त्रिकोण आणि त्यात टिंब. सहाही मेखा चौकोनी गजाच्या, एकाच लोहाराकडच्या. ही चपटी होती, दुकानात मिळते तशी. रंग खरवडला तर खाली कोरं लोखंड.

तिने डोक्यावरचा दिवा लावून भेगेत डोकावलं. बोटभर आत काहीतरी अडकलेलं होतं. हातोडी तिथे पोचेना. दातवालीने खिशातून आपला आकडा काढला, जीभ दातांत धरून दहा मिनिटं कोरत बसली आणि अखेर एक तुकडा बाहेर ओढला. चौकोनी गजाचा, वीतभरही नाही. एका बाजूला टोक, दुसऱ्या बाजूला तुटलेलं तोंड.

दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. खाली, बरोबर पायांखाली, कातळाचा तो ओटा दिसत होता.

त्या ओट्याची गोष्ट क्लबात नवीन आलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी सांगितली जाई. ही वाट बाबा आणि त्यांचा जिवलग दोस्त असे दोघं पहिल्यांदा चढले. पुढे बाबा होते, मेखा त्यांनीच ठोकल्या. महिन्याभराने दोस्त म्हणाला, आता मी पुढे. तो पुढे गेला, बाबांनी खालून दोर धरला. चौथ्या मेखेच्या वर त्याचा पाय सटकला आणि तो थेट ओट्यावर आपटला. कंबर आणि मांडीचा चुरा झाला, डोक्याला मार बसला, अकरा दिवस शुद्ध नव्हती. पुढच्या रविवारी क्लबाची माणसं वर गेली तर चौथी मेख जागच्या जागी, धडधाकट. म्हणजे त्याने दोर मेखेत अडकवलाच नाही. तो विसरला. सगळं खापर त्याच्याच डोक्यावर फुटलं. त्याला स्वतःला तर त्या दिवसातलं काहीच आठवत नव्हतं.

तो माणूस म्हणजे घड्याळकाका. घड्याळं दुरुस्त करायचं दुकान होतं त्यांचं. कुबडीवर चालत, लग्नाला उशीर झाला, एक मुलगी, ती आता दूर नोकरीला. त्यांच्या अपघातानंतर क्लबात एक पद्धत पडली. चढणाऱ्याने दोर मेखेत अडकवला की ओरडायचं, "अडकवला!" दोर धरणाऱ्याने खालून उत्तर द्यायचं, "ऐकलं!" उत्तर आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. ही पद्धत घालून दिली बाबांनीच. आणि कुणी ओरडायला विसरला की बाकीचे खिदळत, "अरे, घड्याळकाका होऊ नकोस!" काकांच्या देखतसुद्धा म्हणत. काकाही हसत.

हे सगळं पक्कडच्या डोळ्यांपुढून गेलं. मेख धडधाकट नव्हती. मेख तुटली होती. आणि कुणाचंतरी वजन पडल्याशिवाय मेख तुटत नाही.

"मी काही पाहिलं नाही," दातवाली हळूच म्हणाली. "तू सांगेपर्यंत."

* * *

बाबा ब्रश धूत होते. पक्कडने वर्तमानपत्रावर आधी चपटी मेख ठेवली, मग तो तुकडा. बाबांनी पाहिलं. नळ चालूच राहिला. शेवटी तिनेच तो बंद केला.

"सांगितलं होतं ना तुला," बाबा म्हणाले.

"बाबा, हे काय आहे?"

त्यांनी पंच्याला हात पुसले, एकेक बोट, सावकाश. मग कपाटातून निबांचा पत्र्याचा डबा काढला. तळाशी कापसात गुंडाळलेलं मेखेचं डोकं होतं. त्रिकोण आणि त्यात टिंब. त्यांनी ते तुकड्याशेजारी ठेवलं आणि खुर्चीत बसले.

"पहिल्यांदा चढलो तेव्हा एक मेख हातातून पडली," ते म्हणाले. "चौथ्या जागेसाठी एकच उरली होती, वाकलेली. मी ती दगडावर ठोकून सरळ केली."

"न तापवता?"

"तिथे भट्टी कुठली?"

"वाकलेली मेख थंड सरळ करायची नाही, आतून चिरते, सरळ फेकून द्यायची. बाबा, हे तुम्हीच आम्हाला शिकवलंत!"

"म्हणूनच शिकवलं."

बाबाच बोलत राहिले, टेबलाकडे बघत. मेख तुटली तेव्हा तिचं डोकं दोराबरोबर खाली आलं होतं, दोस्ताच्या कडीत अडकलेलं. दोस्ताला उचलून नेईपर्यंत ते बाबांच्या खिशात गेलं होतं. दुसऱ्या दिवशी ते एकटेच वर गेले आणि त्या भेगेत नवी मेख ठोकली. आधी त्यांना वाटलं होतं, पुढे कुणी जायबंदी होऊ नये म्हणून आपण ती ठोकतोय. खाली येताना मात्र त्यांना कळून चुकलं की तसं नाही.

"क्लबाने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, मला दिसलं नाही. एवढंच म्हटलं. बाकीचं त्यांनीच जुळवलं."

"आणि काकांना?"

बाबांनी डोळे मिटले.

"बाराव्या दिवशी शुद्धीवर आला. पहिलं वाक्य काय बोलला असेल? म्हणाला, मी अडकवला होता का रे दोर? मी... मी म्हटलं, विसरलास बहुतेक. तर म्हणतो कसा, बरं झालं, म्हणजे तुझ्यावर काही नाही ना? माझा हात धरून म्हणाला."

पक्कडला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. या माणसाने तिला सायकल शिकवली, रेघ शिकवली, गाठ शिकवली. गाठ मारल्यावर दोनदा तपासायची, एकदा आपण आणि एकदा दुसऱ्याने, हे त्याच्याकडूनच तिच्या हाडात मुरलं होतं. तिला ओरडावंसं वाटलं. पण समोर बसलेला माणूस एवढा लहान दिसत होता की ओरडायचं कुणावर?

"मी गेल्यावर सांग," बाबा म्हणाले. "आता किती दिवस राहिलेत? त्याचंही वय झालं. उगाच कशाला त्याला ढवळायचं? दर गुरुवारी येतो माझ्याकडे बुद्धिबळ खेळायला. तेवढंच आहे गं मला."

आणि खरं सांगायचं तर पक्कड वितळली. रात्रभर ती मनाशी नाहीच म्हणत राहिली, तरी सकाळी कामावर जाताना तिने मनात ठरवून टाकलं होतं, चपटी मेख तेवढी जमा करायची. तुकडा आणि डोकं पिशवीच्या तळाशी राहू द्यायचं.

* * *

अडचण एकच होती. उपटलेल्या मेखा क्लबाच्या भिंतीवर टांगल्या जात, प्रत्येकीला चिठ्ठी. ती चिठ्ठी लिहिण्याचं आणि वहीत नोंद करण्याचं काम पंचवीस वर्षं घड्याळकाकांकडे होतं. अक्षर मोत्यासारखं, आणि कुठलीही वस्तू डोळ्याला भिंग लावून तपासल्याशिवाय ते लिहीत नसत.

दुकान म्हणजे जिन्याखालची जागा. एक स्टूल काकांचं, एक गिऱ्हाइकाचं. समोर हिरव्या कापडाचं टेबल, त्यावर खणाखणांची थाळी, एकेका खणात एकेक स्क्रू. काका काम करताना स्वतःशी बोलत, हे सगळ्या रस्त्याला माहीत होतं.

"चाक बसवलं. स्क्रू एक, स्क्रू दोन. झाकण लावलं. झाकण लावलं, हो." मग त्यांनी मान वर केली. "ये पोरी. आण इकडे तुझी खोडं."

एकेक मेख भिंगाखाली गेली. "पहिली. खूण आहे. मधे गंजून काडी झालीय. दुसरी. खूण आहे." चिठ्ठ्या लिहून झाल्या. चौथीवर काका थांबले. उलटली, सुलटली, दिव्याखाली धरली.

"ही तुझ्या बाबांची नव्हे."

"नसेल," पक्कड म्हणाली.

"नसेल म्हणजे? त्याने सातही एका दिवशी ठोकल्या. मी मागून चढलो, मोजल्या होत्या. तेवढं मला आठवतं, ते आधीचं आहे." काकांनी भिंग काढलं. "मग त्याची कुठे गेली?"

काकांनी थोडी वाट पाहिली, मग उगाच तिला अवघडायला नको म्हणून असेल, हातातलं घड्याळ पुन्हा उचललं. झाकणावरून अंगठा फिरवला. "झाकण लावलं," ते पुटपुटले. "लावलं ना? लावलं." ओठांतल्या ओठांत तिसऱ्यांदा, "लावलं."

हे ऐकत पक्कड लहानाची मोठी झाली होती. काका दाराला कुलूप लावून परत फिरत, ओढून बघत, पुन्हा फिरत. सगळी पोरं त्यांची नक्कल करत, तिनेही केली होती. आज त्या तिसऱ्या "लावलं"चा अर्थ तिला कळला. सकाळी मनात ठरवलेलं तिने तिथेच मोडलं. पिशवीच्या तळाशी हात घालून तिने तुकडा आणि डोकं हिरव्या कापडावर ठेवलं.

काकांनी दोन्ही उचलले. भिंग लावायची गरज नव्हती, तरी लावलं. घड्याळाचा सुटा भाग बसवावा तसे त्यांनी दोन तुकडे एकमेकांना लावले आणि ते बसले.

"ही तुटली."

"हो."

"भेगेत मिळाली?"

"टोक भेगेत. डोकं..." तिला सांगवेना. "डोकं बाबांकडे होतं."

रस्त्यावरून एक गाडी गेली, काच थरथरली. भिंतीवरची सगळी घड्याळं आपापली वेळ सांगत होती. काका जे बोलले ते रागाने नाही, अगदी हळू, एखादं लहान मूल विचारतं तसं.

"म्हणजे मी अडकवला होता."

"हो काका. तुम्ही अडकवला होता."

"मी विसरलो नव्हतो."

"नाही."

त्यांनी चष्मा काढला.

"माझी मुलगी चार वर्षांची होती," ते म्हणाले. "तलावावर न्या म्हणून मागे लागायची. मी कधी नेलं नाही. म्हटलं, मी विसराळू माणूस, माझं लक्ष कुठे गेलं तर? रस्ता ओलांडतानासुद्धा तिचा हात तिच्या आईकडे द्यायचो. मोठी झाल्यावर एकदा म्हणाली, बाबा, तुम्ही माझा हात कधी धरलाच नाहीत." त्यांनी नाक पुसलं. "अडतीस वर्षं कुणाचा दोर धरला नाही मी. कुणी म्हटलं नाही धर म्हणून, आणि मीही कधी मागितला नाही."

पक्कड हमसून रडायला लागली. काकांनी तिला रडू दिलं.

"त्याला ठाऊक होतं," ते थोड्या वेळाने म्हणाले. हा प्रश्न नव्हता.

"हो."

"मी आवाज दिला असेन का गं? तेव्हा पद्धत नव्हती. पण मी बडबड्या होतो, गप्प बसून चढायचो नाही कधी."

"ते बाबांनाच ठाऊक."

काकांनी वही ओढली, पेन झटकलं आणि लिहिलं: चौथी मेख. वजन पडून तुटली. दोर अडकवलेला होता. खाली तारीख घातली, अडतीस वर्षांपूर्वीची. मग शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसले.

"नव्या मेखांवर पहिल्यांदा कोण चढणार?"

"मीच. ज्याने ठोकली त्यानेच पहिल्यांदा भरवसा टाकायचा, असं आहे ना. रविवारी."

"दोर कोण धरणार?"

"दातवाली."

"मी धरतो," काका म्हणाले.

त्या गुरुवारी ते बुद्धिबळ खेळायला आले नाहीत. बाबांनी पट मांडला होता. जेवणाची वेळ झाली तरी तो तसाच राहिला, आणि पक्कडने तो उचलून ठेवला तेव्हा बाबांनी तिला काही विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती.

* * *

शनिवारी वरून लटकून पक्कडने बाकीच्या सहा आणि शेवटी चौथी मेख ठोकली. लोहाराकडून मुद्दाम जाड करून आणलेली, चौकोनी, जुन्या भेगेत गच्च बसेल अशी. पहिल्या टोल्याला आवाज खालच्या पट्टीत होता, मग प्रत्येक टोल्यागणिक वर वर चढत गेला. शेवटी असा खणखणला की खालून दातवालीने हात वर केला. रंग पक्कडने लावला नाही.

रविवारी कड्याच्या पायथ्याशी काका आधीच येऊन बसले होते. दातवालीने त्यांना एका भल्यामोठ्या दगडाला बांधून घेतलं होतं, दुखरा पाय पुढे ताणून त्यांनी दुसऱ्या दगडाला टेकवला होता. दोर धरायचं नवं यंत्र त्यांना आठवडाभर दुकानात बसून दातवालीने शिकवलं होतं. तीही मागे दोराचं शेपूट धरून उभी होती, हयगय नको म्हणून. क्लबातले चार-पाच जण आले होते. वही सगळ्यांनी वाचली होती. एरवी ज्यांची तोंडं बंद व्हायची नाहीत ते आज बुटांच्या नाड्या बघत होते.

बाबा आले. वाटेच्या वळणावर उभे राहिले, मग काठी टेकत जवळ आले. त्यांच्याकडे कुणी बघेना.

"मला सगळ्यांसमोर काही बोलायचंय," बाबा म्हणाले.

काकांनी मान वळवली नाही. "माझ्या हातात दोर आहे," ते म्हणाले. "मधे बोलू नको."

बाबा काठी टेकून बाजूला उभे राहिले.

पक्कड चढायला लागली. पहिल्या मेखेशी ती ओरडली, "अडकवला!" खालून काकांचं उत्तर आलं, "ऐकलं!" अडतीस वर्षांत तो शब्द त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघाला होता. दुसरी. तिसरी. मग ओटा आला, तिने त्यावर पाय ठेवला आणि उचलला. त्याच्या वर कातळ गुळगुळीत होता. दोन बोटांची खाच, बुटाचं टोक, पुन्हा खाच. पायाखाली तो ओटा होता आणि तिच्या आयुष्याचा दोर एका माणसाच्या हातात होता, ज्याला सगळ्या गावाने विसराळू ठरवलं होतं. भीती वाटली का? वाटली. पण दोराची नाही. दोर जितका सैल हवा तितकाच सैल येत होता, जितका ताठ हवा तितकाच ताठ.

ती चौथीशी पोचली. कडी मेखेत घातली, दोर कडीत घातला, बोटाने दाबून पाहिलं.

"अडकवला!"

उत्तर आलं नाही.

तिने खाली पाहिलं. काकांची नजर तिच्यावर नव्हती. हात दोरावर घट्ट होते, पण मान वळलेली होती, बाबांकडे. पहिल्यांदाच ते त्यांच्याकडे बघत होते, आणि वाट बघत होते. पक्कडची बोटं दुखायला लागली. ती हलली नाही. उत्तर आल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही.

"ऐकलं," बाबा पुटपुटले.

"तिला पोचत नाही," काका म्हणाले.

बाबांची काठी खाली पडली. त्यांनी दोन्ही हात तोंडाशी नेले, जसे तरुणपणी नेत असत, आणि सगळी ताकद लावून ओरडले. आवाज मधेच फाटला.

"ऐकलं! तेव्हाही ऐकलं होतं! मी ऐकलं होतं रे, तू ओरडला होतास!"

कड्याने ते शब्द परत फेकले. दातवालीने दोराचं शेपूट आणखी घट्ट धरलं, पण त्याची गरज पडली नाही. काकांचे डोळे वाहत होते आणि हात जागचे हलले नव्हते. बाबांकडे ते आणखी एक क्षण बघत राहिले. मग त्यांनी तोंड फिरवलं, वर पाहिलं आणि पक्कडसाठी वावभर दोर सैल सोडला.

"चढ पोरी," ते म्हणाले. "मी धरलाय."